‘खाजवू नको’ म्हणायचं सोडलं, आणि...

मैत्रिणींनो, तुमच्या घरात दोन-अडीच वर्षांचं मूल असेल, तर ‘खाजवू नको’ हे शब्द दिवसातून किती वेळा तोंडातून निघतात ते एकदा मोजून बघा. मी एका रविवारी मोजले. सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत १९ वेळा! आणि एवढं सांगूनही आमच्या छकुलीचा हात आपला होता तिथेच.

दिवाळी झाली, थंडी पडली आणि हे सुरू झालं. कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागे, मनगटावर कातडी खरखरीत झाली. छकुली खाजवायची, रक्त यायचं. खपली धरली की पुन्हा ती नखाने उचकटायची. रात्री झोपेतही चाळा चालूच. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके बघून माझ्या पोटात अगदी कालवायचं.

आता मी केलेल्या चुका सांगते. संकोच वाटतो, पण सांगते. कातडी मऊ व्हावी म्हणून मी कडकडीत पाणी, भरपूर साबण आणि वर डाळीचं पीठ चोळून तिला न्हाऊ घालत होते. रात्री हातांना मोजे बांधले, ते तिने दातांनी ओढून काढले. एकदा तर रागाच्या भरात हातावर चापट मारली. शेवटी शेजारणीने दिलेली एक मलमाची ट्यूब लावली. दोन दिवसांत लाली गेली! मी खूश. ट्यूब थांबवली, आणि आठवड्याभरात दुप्पट वर आलं. मनगटावर पिवळट खपल्या धरल्या, पाणी सुटलं, अंगात कणकण आली. तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी ट्यूब बघितली आणि बाजूला ठेवली. म्हणाले, “यात स्टिरॉइड आहे. ते केव्हा, कुठे आणि किती दिवस लावायचं, हे तपासल्याशिवाय ठरवायचं नसतं. लहान मुलांच्या नाजूक कातडीवर तर नाहीच नाही.” छकुलीला इसब होतं, ज्याला ते एक्झिमा म्हणतात. कातडी कोरडी पडली की खाज सुटते, खाजवलं की कातडी आणखी बिघडते, म्हणून आणखी खाज. हे चक्र ‘खाजवू नको’ म्हणून थांबत नाही, खाज थांबली तरच थांबतं. जंतू शिरले होते, त्याचं औषध त्यांनी वेगळं दिलं.

घरी करायचं ते साधंच होतं. आंघोळ कोमट पाण्याने, ५ ते १० मिनिटांत उरकायची. साबण सौम्य आणि बेताचा, वासाचा नको. उटणं, पीठ, घासणं बंद. टॉवेलने रगडायचं नाही, नुसतं टिपायचं. आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, बिनवासाचं क्रीम किंवा पेट्रोलियम जेली सढळ हाताने लावायची. झोपताना पुन्हा एकदा. लोकरीच्या स्वेटरच्या आत सुती झबलं हवंच. नखं आंघोळीनंतर मऊ असतात, तेव्हा कापून कडा घासून घ्यायच्या. फार खाज सुटली, तर गार पाण्यात पिळलेलं फडकं ठेवायचं.

एक मात्र लक्षात ठेवा. प्रत्येक खाज ही अशीच नसते. रात्री खाज फार वाढत असेल, बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल आणि घरात इतरांनाही खाजत असेल, तर ती खरूज असू शकते. मग घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध घ्यावं लागतं, कपडे-अंथरुणं गरम पाण्यात धुवावी लागतात. पू, ताप किंवा पसरत जाणारी लाली दिसली, तर घरगुती उपाय करत बसू नका.

पंधरा दिवसांत छकुलीची कातडी निवळली. पण मनगटावरची एक खपली काही जाईना. क्रीम लावलं, चिकटपट्टी लावली, तरी संध्याकाळी बघावं तर ताजं रक्त.

एक दिवस सासूबाई म्हणाल्या, “तू शाळेत गेलीस ना, की तिचा हात मनगटावर जातो. मागच्या दाराशी उभी राहते आणि कोरत बसते.”

मला हे फार लागलं. मी एका शाळेत सकाळचे ३ तास शिकवते. छकुली रडू नये म्हणून तिला खेळात गुंतवायचे आणि मागच्या दाराने हळूच निसटायचे. मला वाटलं, सासूबाई मला नोकरी सोड म्हणताहेत. रात्री मी राजीनाम्याचं पत्रसुद्धा मनातल्या मनात लिहून काढलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून लवकर आले, तर काय बघते! स्वयंपाकघरात आजी-नात मटाराच्या शेंगा घेऊन बसल्या होत्या. सासूबाई तिला सांगत होत्या, “सोलायचंच आहे ना? मग हे सोल.” छकुली शेंग फोडत होती आणि आजी दाणे लगेच आपल्या ताटात घेत होत्या, नाकातोंडात जायला नकोत म्हणून. मला बघून म्हणाल्या, “तू पळून जाऊ नकोस गं. सांगून जा. रडेल थोडी, पण वाट बघत कोरत तरी बसणार नाही.”

तेव्हापासून मी पुढच्या दाराने जाते. “शाळेत जाते, जेवायच्या वेळेला येते,” असं सांगून जाते. पहिले चार दिवस ती खूप रडली, मीही कोपऱ्यावर जाऊन डोळे पुसले. पण मग सवय झाली. ‘खाजवू नको’ हे शब्द आम्ही सोडून दिले. हात गेला की आरडाओरडा नाही, धावपळ नाही. “चल, थोपटू या,” एवढंच म्हणायचं, त्या जागेवर तळहाताने थोपटायचं आणि हाताला काम द्यायचं. कणकेचा गोळा, कपड्यांच्या चिमट्यांचा डबा, काहीही चालतं.

खपली तीन आठवड्यांनी आपोआप पडली. खाली फिकट डाग आहे, तोही जाईल. कोरडी हवा आली की खाज पुन्हा डोकं वर काढते, पण आता मी घाबरत नाही.

परवा वह्या तपासताना मला डास चावला, म्हणून मी दंड कराकरा खाजवत होते. छकुली आली, माझा हात बाजूला केला आणि आपल्या इवल्याशा तळहाताने थोपटत म्हणाली, “आई, असं.”