आजीचं खरं नाव

मुलांनो, तुमचं नाव कोणी ठेवलं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? आईनं, बाबांनी, की आत्यानं? आणि तेच का ठेवलं? नसेल ठाऊक, तर आज घरी विचाराच. कधी कधी एका नावामागे केवढी गोष्ट दडलेली असते! आमच्या घरात अशीच एक गोष्ट साठ वर्षांहून अधिक काळ गप्प बसून होती. ती बाहेर कशी आली, तेच आज सांगते.

आधी माझ्या नावाचं सांगते. माझं नाव द्वारका. हसलात ना? हसा, मला सवय आहे! माझ्या वर्गात तीन स्वाती होत्या, चार प्रीती होत्या आणि द्वारका मात्र एकटीच. आबाजींच्या आत्याचं नाव मला मिळालं होतं. हजेरी घेताना ते आलं की मागच्या बाकावरून “द्वारकाबाई, नमस्कार!” असा आवाज यायचा. सातवीत असताना सुट्टीतल्या एका शिबिराला गेले, तर तिथं मी माझं नाव चक्क दीपा सांगितलं. आठ दिवस मी दीपा होते. शेवटच्या दिवशी बाबा मला न्यायला आले आणि फाटकातूनच त्यांनी हाक मारली, “द्वारके!” मी वळलेच नाही. बाबांचा चेहरा असा काही उतरला, की तो मला अजून आठवतो.

आता मुख्य गोष्ट. आम्ही वर्धा जिल्ह्यातले, आर्वीकडचे. दादाला मुलगी झाली आणि घरात नावांचा पाऊस पडू लागला. कुणाला दोन अक्षरांचं नाव हवं, कुणाला ‘अ’वरून हवं. माझा भाचा मोबाइलमधून रोज दहा नावं काढायचा. त्यातल्या निम्म्यांचा अर्थ कुणालाच सांगता येत नव्हता. बारसं बाराव्या दिवशी करतात ना? आमचं लांबत लांबत नवव्या महिन्यावर गेलं! तोवर बाळ आपलं ‘चिमणी’.

पण सरकारदरबारी ‘चिमणी’ चालत नाही. आपल्याकडे १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यावी लागते. बाळाचं नाव ठरलेलं नसेल, तर नावाशिवायही नोंद होते. मग वर्षाच्या आत नाव कळवलं, तर शुल्क पडत नाही. आमच्या दाखल्यावर नावाची जागा कोरी होती आणि वर्ष भरत आलं होतं.

एका संध्याकाळी आम्ही सारे ओसरीवर बसलो होतो. आजी सुपात तूर निवडत होती. दादा म्हणाला, “घराण्यातलंच एखादं नाव ठेवू या. आजीचंच ठेवू. सुमन! कसं वाटतं?”

आजीचा हात सुपातच थांबला. ती म्हणाली, “माह्यं नाव? ते कुठं माह्यं हाय, बाप्पा?”

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. मतदार यादीत सुमन, आधार कार्डावर सुमन, रेशनकार्डावरही सुमन. मग हे काय नवीन?

“लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले,” आजी सांगू लागली, “त्यात अंगठीनं नवं नाव लिहिलं अन् बायाईनं सांगतलं, आजपासून तू सुमन. मले कोण इचारते? माहेरी मी रुखमा होती. रुक्मिणी.”

“मग बदललं कशाला?” वहिनीनं विचारलं.

“सासूचं नाव रुक्मिणी होतं ना! एका घरात दोन रुक्मिण्या कशा चालतीन?”

पुढचं ऐकून तर आम्हाला हसावं की रडावं, कळेना. त्या काळी सुनेनं सासूचं नाव तोंडातून काढायचं नसे. म्हणजे आजीला स्वतःचंच जुनं नाव उच्चारायची बंदी झाली! देवळात गेली, तरी विठ्ठलाशेजारी उभ्या असलेल्या रखुमाईला ती ‘देवाच्या घरचे लोक’ म्हणायची. सासू वारल्यावरही ते नाव तिच्या ओठांवर आलं नाही. सवयच मोडली होती.

आता गंमत पाहा. आजीचं माहेर वर्धा नदीच्या पलीकडच्या तीरावर, अमरावती जिल्ह्यात, कौंडिण्यपूरजवळ. कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर मानतात. तिथून दरवर्षी आषाढीला रुक्मिणीची पालखी पायी पंढरपूरला जाते. त्या भागातल्या मुलीचं नाव रुक्मिणी असणारच! म्हणजे देवीला आपलं नाव घेऊन माहेराहून निघता आलं आणि आमच्या आजीला मात्र ते नदीच्या पलीकडेच ठेवून यावं लागलं.

आजी काही एकटी नव्हती, बरं का. स्वतंत्र भारतातली पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. मतदार याद्या करताना पुष्कळ बायकांनी आपलं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. अशा सुमारे २८ लाख बायकांना यादीतून वगळावं लागलं. म्हणजे नाव गेलं आणि त्याबरोबर मतही गेलं!

तसं पाहिलं, तर नावं बदलतात, हे आम्हा वर्धेकरांना नवं नाही. १८६६ साली जिल्ह्याचं मुख्य ठाणं पालकवाडी नावाच्या खेड्यात आलं आणि तिथं वर्धा शहर उभं राहिलं. गांधीजी राहायला आले, त्या सेगावची पत्रं बुलढाण्याच्या शेगावात जात, म्हणून १९४० साली सेगावचं सेवाग्राम झालं. पवनारच्या आश्रमातले विनोबा मुळात विनायक. आई त्यांना ‘विन्या’ म्हणायची. गांधीजींच्या सहवासात ते विनोबा झाले. आणि आमच्या हिंगणघाटला १९१४ साली जन्मलेले मुरलीधर देवीदास आमटे घरात लहानपणापासूनच ‘बाबा’ होते. पुढे साऱ्या जगानं त्यांना बाबाच म्हटलं.

पण ही नावं एक तर मायेनं दिलेली, नाही तर मोठ्या कामासाठी घेतलेली. आजीच्या नावाचं तसं नव्हतं. ते तिला न विचारता काढून घेतलं होतं.

दादा लगेच म्हणाला, “ठरलं! चिमणीचं नाव रुक्मिणी!”

“नाही,” मी म्हणाले. मला हजेरी आठवली, मागचा बाक आठवला. “शाळेत तिला किती चिडवतील, तुला काय माहीत? मी ते भोगलंय.”

आणि आश्चर्य म्हणजे आजी माझ्या बाजूनं बोलली. “द्वारका बरोबर बोलते. पोरीले तिचं सोताचं नाव द्या. माह्यं मले न इचारता काढलं, आता माह्यं तिच्यावर काहून लादता?”

कुणालाच काही सुचेना. घराण्यात जुनी नावं फिरवून ठेवायची रीत आपल्याकडे चांगलीच जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या थोरल्या भावाचं नाव संभाजी. तेच नाव महाराजांनी आपल्या मुलाला दिलं. त्या संभाजी महाराजांना १६८२ साली मुलगा झाला, त्याचं नाव पुन्हा शिवाजी. तेच पुढे शाहू महाराज म्हणून ओळखले गेले. आमच्याकडे नागपूरचे भोसले, त्यांच्यात तर रघूजी नावाचे तीन राजे होऊन गेले. पण पुस्तकातली रीत वेगळी आणि पाळण्यातली चिमणी वेगळी.

शेवटी वहिनी बोलली. ती बाळाची आई. खरं तर पहिला हक्क तिचाच.

“मला हे नाव आवडलंय,” ती म्हणाली. “आजींच्या आठवणीसाठी म्हणून नाही, मला मनापासून आवडलंय. आणि चिडवण्याचं म्हणाल, तर माझं नाव साधं सरळ, तरी मला उंचीवरून चिडवायचे! चिडवणाऱ्याला निमित्त लागतं, नाव लागत नाही. फक्त एक अट. मोठी झाल्यावर तिला हे नाव नको वाटलं, तर कुणी रुसायचं नाही. राजपत्रात जाहिरात देऊन तिला ते बदलता येईल. निवड तिची राहील.”

आजीनं बराच वेळ वहिनीकडे पाहिलं. मग म्हणाली, “असं असन तर ठेवा.”

बारशाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. घुगऱ्यांचा वास दरवळत होता. आत्या म्हणून नाव सांगायचा मान माझा. खरं सांगू? माझे हात थरथरत होते. ज्या मुलीनं एकदा आपलंच नाव लपवलं होतं, तिनं आज दुसरीला जुनं नाव द्यायचं होतं. मी पाळण्यावर वाकले, चिमणीच्या कानात हळूच नाव सांगितलं. मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, “रुक्मिणी!”

आणि कोपऱ्यातून आवाज आला, “ओ!”

आजी होती ती. साठ वर्षांत कुणी त्या नावानं हाक मारली नव्हती, तरी तिच्या तोंडून ‘ओ’ निघून गेली होती. क्षणभर सगळे गप्प. मग आजी पदर तोंडाला लावून हसू लागली आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

दुसऱ्याच आठवड्यात दादानं दाखल्यावर नाव चढवून आणलं. आजी कधी शाळेत गेली नाही, त्यामुळे तिचं माहेरचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. ते पहिल्यांदा छापलं गेलं पणतीच्या दाखल्यावर. दादानं तिला आणखी एक गोष्ट वाचून दाखवली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहितात. आजीनं वहिनीच्या नावावरून बोट फिरवलं. “सुनेचंबी नाव लिवते आता?” तिनं विचारलं. “बरं झालं, बाप्पा.”

चिमणी आता दुडुदुडु चालते. ‘रुखमा’ म्हटलं, की दोघी वळून बघतात.

आणि मी? परवा बाबांना बसस्टँडवर घ्यायला गेले होते. गर्दीत त्यांनी मला पाहिलं आणि हाक मारली, “द्वारके!” मी एवढ्या मोठ्यानं “ओ” दिली, की आजूबाजूचे चार लोक दचकले!

तर मुलांनो, आज एक काम करा. तुमच्या आजीला तिचं माहेरचं नाव विचारा. मग त्या नावानं एकदा तिला हाक मारून बघा.

पाहा, ‘ओ’ येते का.