पाय काय सांगतो

"ऑपरेशन केलं की मी बरा होईन ना?" या प्रश्नाचं उत्तर एमआरआयच्या फिल्मवर शोधायची सवय डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही लागली आहे. मणक्याचा सर्जन म्हणून माझं मत वेगळं आहे. गादी सरकलेल्या पेशंटचं पुढे काय होणार, हे फिल्मपेक्षा त्याच्या पायावरून जास्त कळतं. 1994 साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या 98 जणांचे एमआरआय काढले, तर त्यातल्या 52 टक्के लोकांची निदान एक गादी फुगलेली निघाली. म्हणून तपासणी महत्त्वाची. पेशंटला उताणं झोपवून, गुडघा सरळ ठेवून, टाच धरून पाय सावकाश उचलायचा. चाळीस अंशांच्या आतच कळ पोटरीखाली उतरली, पायाचा अंगठा वर ओढताना ताकद कमी पडली आणि फिल्मवर कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी त्याच बाजूच्या नसेवर आलेली दिसली, तर ऑपरेशनने पाय मोकळा होईल असं बऱ्याच खात्रीने सांगता येतं. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली, तर खात्री आणखी वाढते. कंबरदुखीबद्दल मात्र तसा शब्द देता येत नाही. आपण नसेवर आलेला तुकडा काढतो, झिजलेली गादी तिथेच राहते.

फिल्म खोटं बोलत नाही, दुखणं मात्र ज्याच्या त्याच्या सांगण्यावर, असा आक्षेप येतो. पण 2013 साली प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात उपचारांनंतर वर्षाने पुन्हा एमआरआय काढले, तेव्हा बरं झालेल्या 35 टक्के आणि बरं न झालेल्या 33 टक्के लोकांत सरकलेली गादी दिसतच होती. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: नैराश्य, धूम्रपान, सहा महिन्यांहून जुनं दुखणं यांनी निकाल खालावतो असं म्हणणं म्हणजे पेशंटलाच दोष देणं. तसं होता कामा नये. या गोष्टी ऑपरेशन नाकारायला नव्हे, आधी तयारी करायला विचारायच्या असतात.

ऑपरेशन न करण्याचं भाकीतही सांगायला हवं. 2007 च्या डच चाचणीत लवकर ऑपरेशन झालेल्यांच्या कळा लवकर थांबल्या, पण वर्षाअखेरीस थांबून पाहणाऱ्यांचीही प्रकृती जवळपास तितकीच सुधारली होती. थांबलेल्यांपैकी सुमारे 39 टक्क्यांना मात्र पुढे ऑपरेशन करावंच लागलं. तेव्हा सर्जनला विचारा: माझं नेमकं कोणतं दुखणं जाईल, आणि थांबलो तर काय होईल? लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर मात्र विचारत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.