कुठलं धरण, कुणी विचारत नाही

ऑगस्टच्या पावसात सांगलीत उजाडताच विचारणा सुरू होते. 'धरणातनं सोडलंय का?' 'पुलाला किती झालं?' कुठलं धरण, कुठला पूल, हे कुणी विचारत नाही. धरण म्हणजे वर पाटण तालुक्यातलं कोयनेचं आणि पूल म्हणजे १९२९ सालचा आयर्विन. पुलापाशी चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ साली पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, तेव्हाही लोक नुसतं 'पाणी' म्हणत होते.

इंग्रजीला अशा ठिकाणी 'द' लावल्याशिवाय चैन पडत नाही. मराठीत तशी सोयच नाही. नाम उघडंच येतं आणि ऐकणारा आपल्या गावावरून ते ओळखतो. हेच 'धरण' पुण्यात उच्चारलं, तर मनात खडकवासला येतं.

मग 'हा' आणि 'तो' कशाला? गंमत अशी, की नुसतं 'पूल' म्हटलं तर सांगलीकर हो म्हणून पुढं जातो. 'तो पूल' म्हटलं की थांबून विचारतो, 'कुठला, बायपासचा?' ओळखीच्या वस्तूला 'तो' जोडला, की तिच्या शेजारी दुसरी उभी राहते. गोष्टीत मात्र 'तो' हवाच. 'एक म्हातारा होता' म्हणून झाल्यावर पुढच्या वाक्यात 'तो म्हातारा' येतो, आणि मघाचाच माणूस हाताला लागतो.

पुसेगावच्या बैलांच्या यात्रेत नेमक्या एकावर बोट ठेवण्याचं हेच काम 'ला' हा प्रत्यय करतो. खिलार जोडी घ्यायला आलेला शेतकरी सकाळी म्हणतो, 'बैल बघतोय.' अजून कुठलाच ठरलेला नसतो. दुपारी तोच माणूस एका दावणीपाशी उकिडवा बसून दात मोजत असतो. आता कुणी हटकलं, तर म्हणतो, 'ह्या बैलाला बघतोय.' लग्नाच्या बाजूनंही असंच. 'मुलगी बघतोय' म्हणणाऱ्याकडं अजून एकही पत्ता नसेल. 'मुलीला बघितलं' म्हणणारा मात्र तिच्या घरी चहा-पोहे घेऊन आलेला असतो.

आणि साताऱ्याकडच्या जुन्या बायकांचं 'ह्ये' तर या सगळ्यांच्या वरताण. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून जवळच्या वस्तूचा शब्द त्याच्यावर ठेवलेला. मग तो दोन शिवारं पलीकडं का असेना. 'ह्ये रानात गेल्यात,' एक म्हणते. 'आणि आमचं ह्ये बाजारला,' दुसरी सांगते. शब्द एकच, पण दोघींच्या नवऱ्यांची अदलाबदल आजवर झालेली नाही.