कृष्णाकाठची चोपण जमीन

सातारा जिल्ह्याचे पर्जन्यमान हे एक नवलच आहे. महाबळेश्वरी वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातील माण-खटावात जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने श्रमदान करून २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा जिंकली. पडलेला थेंब शिवारातच मुरावा, यासाठी तेथील माणसे भर उन्हात राबली. मात्र कराडचा प्रीतिसंगम मागे टाकून वाळवा तालुक्यात शिरले की प्रश्नच उलटा होतो. येथे पाणी मुबलक आहे. जमीन ते घेईनाशी झाली आहे.

या पट्ट्यातील एका जुन्या खातेदाराच्या शेतावर जाण्याचा योग नुकताच आला. घरात तीन पिढ्यांचा ऊस. ते म्हणाले, "साहेब, वडिलांच्या वेळी पाणी दिलं की दोन-तीन दिवसांत वाफसा यायचा. आता आठवडाभर तळं हटत नाही." त्यांनी पाण्याचे दोन पेले मागवले. एकात बांधावरच्या गवताखालचे ढेकूळ सोडले, दुसऱ्यात सरीतले. पहिले तसेच राहिले. दुसरे बघता बघता विरघळले आणि पाणी गढूळ झाले, ते आम्ही चहा घेऊन उठेपर्यंत निवळले नाही.

यामागचे कारण समजण्यास कठीण नाही. मुळे, शेणखत व गांडुळे यांच्यामुळे मातीचे कण एकत्र बांधले जातात आणि मधल्या पोकळ्यांतून पाणी खाली जाते. वर्षानुवर्षे एकच पीक, पाचट जाळणे, शेणखत बंद आणि निचऱ्याविना पाटपाणी, यांमुळे ही बांधणी मोडते. भूजल वर चढते, क्षार पृष्ठभागी येतात. सोडियम वाढला की चिकणमाती विस्कटून पोकळ्या बुजतात. शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतात. ओल्या रानात फिरलेला ट्रॅक्टर नांगराच्या तळाखाली कठीण थर तयार करतो, तो निराळाच.

आपल्या व्यापारी घरांना हरिपूरची हळदीची पेवे ठाऊक आहेतच. तेथील घट्ट माती ओल आत येऊ देत नाही, म्हणून जमिनीच्या पोटात हळद टिकत असे. (२००५ च्या महापुराने त्या पेवांची दैना केली, हा इतिहास ताजा आहे.) पेवाला हवा तो घट्टपणा उसाच्या मुळांना मात्र जाचक ठरतो.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे एक संशोधन केंद्र सांगलीजवळ कसबे डिग्रजला आहे. क्षारपड जमिनीवर तेथे काम चालते. उपायाचा क्रम महत्त्वाचा: आधी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा, मग माती परीक्षणानुसार जिप्सम, त्यानंतर ताग किंवा धैंचा गाडणे. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला हटवतो. पण त्या सोडियमला बाहेर जायला वाट नसेल तर खर्च वाया. बँकेत आम्ही बागायत जमिनीचे मूल्य जिरायतीहून चढे धरत असू, निचऱ्याचा रकाना मात्र कागदावर नसे. माझ्या मते तो असायला हवा.

त्या खातेदारांची अडचण पैशांची नाही. पाइपचे पाणी ओढ्यापर्यंत न्यायचे तर शेजारच्या दोन शेतांतून चर काढावा लागतो. एकाने होकार दिला आहे. दुसरे शेत खंडाने दिलेले असून मालक पुण्यात असतात. धाकटा मुलगा विकून मोकळे व्हा म्हणतो. थोरला पावसाळ्याआधी मालकांना भेटून येणार आहे.