पडून राहिलेली गाडी

भाव करणें हा माझा प्रांत नव्हे. भाजीवालीनें सांगितलेला भाव मुकाट्यानें द्यावा आणि घरीं येऊन त्याबद्दल बोलणीं खावीं, हा माझा क्रम गेलीं चाळीस वर्षें अव्याहत चालला आहे. म्हणून २०२५ च्या डिसेंबरांत माझा पुतण्या भल्या सकाळीं येऊन, "तात्या, पिकअप घ्यायची आहे, भाव करायला तुम्ही बरोबर चला," असें म्हणाला, तेव्हां मला प्रथम ती थट्टाच वाटली. पण त्याचा हिशेब निराळा होता. मीं शेवगांवांत तीस वर्षें मुलांना गणित शिकविलें आहे, आणि गाडी विकणारा तरुण माझा विद्यार्थी होता.

गाडी घेण्यांत हौसेचा भाग नव्हता. सप्टेंबरांत आमच्या तालुक्यावर जो पाऊस कोसळला, त्यांत पुतण्याची कपाशी पाण्याखालीं गेली. नुसत्या शेतीवर विसंबून भागणार नाहीं हें त्याला त्या आठवड्यांत पटलें. दीड टनाहून अधिक ओझें नेणारी दणकट पिकअप घ्यावी, आपला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा कांदा घोडेगांवच्या बाजाराला न्यावा, भाड्याचे चार पैसे गांठीं बांधावे, असा त्याचा बेत. ताजी गाडी आवांक्याबाहेरची. जुनी घ्यावी तर तिच्या पोटांत काय दुखणीं असतील तीं देव जाणे. अशांत त्याला कळलें कीं गांवांतल्याच एका विक्रेत्याच्या आवारांत एक कोरी गाडी अकरा महिने उभी आहे. ज्यानें ती मागविली होती त्याचें कर्ज मंजूर झालें नाहीं, आणि ती तशीच राहून गेली.

पडून राहिलेली नवी गाडी ही मोठी चमत्कारिक वस्तु आहे. फाल्गुनांत विकायला आलेल्या दिवाळी अंकासारखी. पान एकही दुमडलेलें नसतें, मजकूर तोच असतो, पण पूर्ण किंमत द्यायला कोणाचाच हात पुढें होत नाहीं. कधीं कधीं तर न्यायालयाच्या एका निकालानें हजारों गाड्या एका दिवसांत शिळ्या होतात. २९ मार्च २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें १ एप्रिलपासून 'भारत स्टेज तीन' गाड्यांच्या विक्रीस मनाई केली, तेव्हां देशांत अशा सुमारें आठ लाख गाड्या शिल्लक होत्या. पुढचे दोन दिवस लोकांनीं दुकानांपुढें गर्दी करून त्या मिळेल त्या सवलतीनें नेल्या. आमच्या गाडीचा अपराध त्या मानानें अगदींच किरकोळ होता. वर्ष संपायला आठ दिवस उरले होते, एवढाच.

आम्हीं आवारांत पाऊल टाकतांच तो तरुण, "सर, तुम्ही?" म्हणत उठला. मला खुर्ची मिळाली, चहा आला. पुतण्यानें चहाला हात न लावतां आधीं गाडी पाहिली. टायरच्या कडेला चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे, हें मला त्याच दिवशीं समजलें. चासीच्या क्रमांकांतही वर्षाचें अक्षर दडलेलें असतें. म्हणजे माणसाच्या जन्मतारखेंत फेरफार करणें एक वेळ साधेल, गाडीच्या नाहीं. गाडी पावसाच्या पाण्यांत उभी नव्हती ना, हेंही त्यानें चटई उचलून, खालीं वाकून, हात फिरवून पाहिलें. मग आम्ही मेजापाशीं बसलों.

विद्यार्थ्यानें एक कागद पुढें केला. त्यावर १०,००,००० हा आंकडा खोडून शेजारीं ९,२१,८७५ लिहिला होता आणि वर मोठ्या अक्षरांत 'खास सवलत'.

"ही सवलत तुझ्या मालकांची कीं सरकारची?" मीं विचारलें.

तो हंसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, हें त्याला जसें ठाऊक होतें तसें आम्हांलाही होतें. पुतण्या तर याच घटकेची वाट पाहात होता. "अठ्ठावीसाचे अठरा झाले, म्हणजे दहा टक्के सुटले," तो म्हणाला. "दहा लाखांवर लाख होतात. यांनीं अठ्ठ्याहत्तर हजारच सोडले. तात्या, बावीस हजार यांच्याच खिशांत आहेत!"

आणि दोघेही माझ्याकडे पाहूं लागले.

वाचकहो, त्या क्षणीं मीं गप्प बसायला हवें होतें, असें माझ्या घरांतल्या मंडळींचें आजही मत आहे. पण तीस वर्षांची संवय! कर मूळ किंमतीवर लागतो. दहा लाखांत तो आधींच मिसळलेला होता. मूळ किंमत ७,८१,२५०. तिच्यावर अठरा टक्के चढविले कीं बरोबर ९,२१,८७५ होतात. बावीस हजार कोणाच्याच खिशांत नव्हते. मीं हें कागदावर मांडून दाखविलें. विद्यार्थ्याचा चेहरा खुलला आणि पुतण्याचा उतरला. ज्याच्यासाठीं मी गेलों होतों त्याचेंच हत्यार मीं त्याच्या हातून काढून घेतलें होतें.

पुढें मात्र त्याच कागदानें विद्यार्थ्याचीही कोंडी केली. कराची सूट सवलतींत धरायची नाहीं हें एकदां ठरल्यावर, गाडी अकरा महिने पडून राहिल्याबद्दल मालकांनीं स्वतःचें असें कांहींच सोडलेलें नव्हतें. पुतण्यानें विम्याचें कोष्टक काढलें. सहा महिन्यांवरील गाडीला त्यांत पंधरा टक्के घसारा धरतात. "तो वापरलेल्या गाडीचा, सर, ही तर बेचाळीस किलोमीटरच चालली आहे," असें उत्तर आलें, आणि तें मला अगदींच खोटें वाटलें नाहीं. पण पांच वर्षांनीं ही गाडी विकायला काढली म्हणजे घेणारा किलोमीटरच्या आधीं साल विचारील. एका सालाला पन्नास-साठ हजारांचा फरक पडतो, असें जुन्या गाड्यांच्या एका दलालानें मला आदल्या दिवशीं सांगितलें होतें. शिवाय विक्रेत्याचें अडकून पडलेलें भांडवल मोकळें होणार, त्यावरचें व्याज थांबणार. रास्त भाव याच्याच आसपास कोठेंतरी असला पाहिजे, असें माझें मन मला सांगत होतें.

त्यानंतर बोलणें थांबलें. विद्यार्थ्यानें गणकयंत्रावर ३०,००० आंकडा उमटवून तें आमच्याकडे सरकविलें. पुतण्यानें तो पुसून १,००,००० केला आणि परत सरकविलें. मला माझे थोरले बंधु आठवले. बैलबाजारांत ते दलालाचा हात उपरण्याखालीं धरीत आणि बोटें दाबून भाव ठरवीत. भोंवतीं माणसें उभीं असत, पण आंकडा त्या दोघांपलीकडे कोणाला कळत नसे. व्यापाऱ्यांची नंदभाषा तर एकाला केवली, दोहोंना आवारू, तिहींना उधानू म्हणे. लहानपणीं त्या उपरण्याच्या हालचालीवरूनच मी सौदा तुटतो कीं जुळतो तें ओळखायचा प्रयत्न करीत असें. आतां बंधूंचा मुलगा तेंच करीत होता, फक्त उपरणें नव्हतें.

४५, ८५, ५५, ८०. तेवढ्यांत बॅटरी दाखविण्याच्या निमित्तानें विद्यार्थी मला बाहेर घेऊन गेला. "सर, पासष्टापर्यंत मला मोकळीक आहे," तो हलक्या आवाजांत म्हणाला. "त्यापुढें मागितलेंत तरी मालक नाहीं म्हणणार नाहींत, वर्ष संपायच्या आंत त्यांना ही काढायचीच आहे. पण तें माझ्या कमिशनांतून जाईल."

हें त्यानें मला कां सांगावें? खरें होतें म्हणून, कीं मी त्याचा शिक्षक होतों म्हणून? खोटें असेल अशी शंकाही आली, नाहीं असें नाहीं. वहीत उत्तर चुकलें कीं तो खोडरबर न वापरतां नवी ओळ घेई, एवढेंच मला त्याच्याविषयीं आठवत होतें. आंत पुतण्या ७५ चा आंकडा उमटवून बसला होता. दहा हजार रुपये. ज्या घराची कपाशी वाहून गेली त्या घराला ते थोडे नव्हेत, आणि त्या पोराच्या महिन्याच्या मिळकतींतही ते थोडे नव्हेत.

मीं यंत्र ओढून ६५ केलें आणि म्हटलें, "आणि बॅटरी नवी." पुतण्यानें माझ्याकडे चमकून पाहिलें, पण तो माझा शब्द खालीं पडूं देत नाहीं. सौदा जुळला. वहिनींनीं संध्याकाळीं गाडीला हळदकुंकू वाहिलें, नारळ फोडला. मीं कोणाला कांहीं सांगितलें नाहीं. बाहेर झालेलें तें बोलणें उपरण्याखालचेंच राहिलें.

कांद्याच्या पहिल्या खेपेला पुतण्याशेजारीं बसून मी घोडेगांवपर्यंत गेलों. गाडी भरलेली होती तरी चढावर कुरकुरली नाहीं. अर्ध्या वाटेवर, रस्त्यावरची नजर न काढतां त्यानें विचारलें, "तात्या, त्या दिवशीं आणखी दहा हजार सुटले असते काय हो?"

"सुटले असते," मीं म्हटलें, आणि कोणाच्या खिशांतून तेंही सांगितलें.

तो बराच वेळ बोलला नाहीं. बाजाराजवळ वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागली होती. तिच्या शेवटाला त्यानें पिकअप उभी केली, दार उघडलें आणि चहा आणायला खालीं उतरला.