जुन्या गाडीची वही

आमच्या घरात किराण्याची आणि दुधाची जशी वही आहे, तशी गाडीचीही एक आहे. ती मी लिहिते. गाडी २०१४ सालची, डिझेलवर चालणारी, उंच बांध्याची, तरीही चार मीटरच्या आत मावणारी. ही चार मीटरची मर्यादा कुणा अभियंत्याच्या आवडीने ठरलेली नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि लहान इंजिनाच्या मोटारींना उत्पादनशुल्कात सवलत मिळाली, आणि पुढे कंपन्यांनी मोठ्या गाडीचा डौल त्याच मापात बसवला. डिलाईल रोडवर दोन टेम्पोंमधल्या जागेत गाडी लावताना मला तो अर्थसंकल्प कृतज्ञतेने आठवतो.

अशी उंच गाडी घेण्याचे कारण सासूबाईंचे गुडघे. ठेंगण्या गाडीत त्यांना खाली वाकून बसावे लागते आणि उठताना दोन माणसांचा हात लागतो. या गाडीची बैठक कमरेच्या उंचीला असल्याने त्या एकट्या चढतात, एकट्या उतरतात. वर्षातून एकदा कुंभोजच्या बाहुबलीचे दर्शन हा त्यांचा नेम, आणि तो या बैठकीवर अवलंबून आहे. त्यामुळे ‘जुनी गाडी ठेवावी की काढावी’ हा प्रश्न आमच्याकडे केवळ पैशांचा राहत नाही. तरीही पैशांचा विचार करावाच लागतो.

प्रथम क्लच. लोअर परळ स्टेशनाजवळचा आमचा पूल जुलै २०१८ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला आणि पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. या पाच वर्षांत ना. म. जोशी मार्गावरून (पाटीवर हे नाव असले तरी बोलण्यात डिलाईल रोडच) पलीकडे जायला वळसा घालावा लागे, आणि वळशावर सारी मुंबई भेटे. अर्धवट दाबलेल्या क्लचवर गाडी इंचाइंचाने सरकवत राहिले की क्लच प्लेट झिजते. २०२२ च्या अखेरीस ती बदलली, मजुरीसह १४,५०० रुपये. अशाच रेंगाळत्या, छोट्या फेऱ्यांनी डिझेल इंजिनाच्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी साचते. गाडी चढावर दम टाकू लागते. तो साफ करायला २,६०० लागले. मिस्त्री म्हणतात, ‘वहिनी, महिन्यातून एकदा हिला मोकळ्या रस्त्यावर नेत जा.’ डिझेल गाडीला हे पथ्य खरोखरच मानवते.

सस्पेन्शन हे उंच गाडीचे गुडघेच म्हणावेत. खड्ड्यांतून जाताना प्रथम लिंक रॉड खडखडतो, मग लोअर आर्मचे रबरी बुश फाटतात, आणि टायर एका बाजूने झिजू लागतात. दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड आणि स्ट्रटचे माउंट एकदम बदलले, १९,२०० रुपये. एकेक भाग बदलत बसलो असतो तर मजुरी तीनदा पडली असती. झिजलेले चार टायर २६,०००, बॅटरी ६,२००. एसीची कूलिंग कॉइल गळत होती. तिची गंमत अशी की भागापेक्षा डॅशबोर्ड उतरवण्याचेच काम मोठे. त्याचे १२,८०० झाले.

पण माझ्या वहीतली सर्वांत लांब नोंद उंदरांची आहे. रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन रात्री ऊबदार असते, आणि आमच्या भागातले उंदीर ती ऊब जाणून आहेत. एके सकाळी गाडी सुरूच होईना. बॉनेट उघडले तर वायरी कुरतडलेल्या. एका मोठ्या वर्कशॉपने संपूर्ण वायरिंग बदलण्याचे ४८,००० सांगितले. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने तुटलेल्या तारा एकेक जोडून वर स्लीव्ह चढवली आणि ६,४०० घेतले. ते जोड आजतागायत टिकून आहेत.

प्रश्न पुढचा होता. कुणी विषारी गोळ्या सुचवल्या, कुणी चिकट पट्टी. सासूबाईंनी दोन्हींना नकार दिला. त्या म्हणाल्या, ‘मी ज्या गाडीतून दर्शनाला जाते, तिच्यासाठी जीव नको घेऊस.’ वाद घालण्यासारखे त्यात काही नव्हते. मग उपाय शोधणे माझ्याकडे आले. इंजिनाखालच्या फटींना बारीक लोखंडी जाळी बसवून घेतली, २,१०० रुपये. गाडीत खाऊचा कण ठेवायचा नाही, आणि रोज संध्याकाळी जागा बदलायची. तंबाखूची पाने बॉनेटखाली बांधण्याचा उपाय मुंबईत सर्रास सांगतात. ज्या घरात सुपारीचे खांडही येत नाही, त्या घरच्या सुनेने पानपट्टीवर उभे राहून तंबाखू मागितली तेव्हा दुकानदाराने दोनदा वळून पाहिले! तंबाखूचा उपयोग किती झाला कुणास ठाऊक. जाळीचा मात्र निश्चित झाला.

तीन वर्षांची बेरीज ८९,८०० रुपये, म्हणजे महिना अडीच हजारांच्या आत. इंधन, इंजिन ऑइल आणि विमा यांत धरलेला नाही, कारण तो खर्च नव्या गाडीलाही चुकत नाही. नव्या गाडीसाठी आठ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी काढले, तर हप्ता महिना साडेसोळा हजारांच्या वर जातो. जुनी विकावी तर दलाल एक लाख नव्वद हजारांपुढे सरकत नाही. नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०२९ पर्यंत. त्यानंतर पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण, तपासणीसह. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झाले आहे. माझ्या हिशेबाने गाडी २०२९ पर्यंत ठेवावी. मात्र चेसिसला गंज लागला, किंवा इंजिन पूर्ण उघडण्याची वेळ आली, तर त्याच दिवशी निरोप द्यावा. अशा कामाचा खर्च गाडीच्या किमतीपर्यंत पोहोचतो, आणि समुद्राकाठच्या हवेत गंजाला फार वाट पाहावी लागत नाही.

सध्या टायमिंग बेल्टची वेळ आली आहे. तो आधी काही आवाज करीलच असे नाही. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि सारे इंजिनच हाती येते. वॉटर पंपासह मिस्त्रींनी बारा हजार सांगितले आहेत. खंबाटकी घाट चढायच्या आधी हे काम उरकायचे आहे. सासूबाईंनी पौषातला दिवस ठरवला आहे. गाडी येत्या सोमवारी गॅरेजात जाईल.