बाळकुमच्या गाळ्यातला इंटरप्ट

बाळकुम नाक्यापासून थोडं आत खोकी बनवणारा एक गाळा आहे. कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडीची गोदामं लागतात, तिथल्या ऑर्डरी इकडे येतात. खोक्यांची डिझाइनं, चलनं, हिशेब असं सगळं एका छोट्या डेस्कटॉपवर ठेवलेलं असतं. त्यावर डेबियन लिनक्स आहे आणि पोटमाळ्यावरच्या ऑफिसातले बाकीचे संगणक त्याच्याकडून फायली घेतात. तिथलं नेटवर्कचं काम मी बघते.

तक्रार अशी होती की सकाळी पहिला माणूस कामाला बसला की सर्व्हर सापडत नाही. मशीन चालू असतं, पंखा फिरत असतो, नेटवर्कच्या सॉकेटमधला हिरवा दिवाही लागलेला असतो, पण पिंगला उत्तर येत नाही. बटण दाबून बंद-चालू केलं की दिवसभर काही त्रास नाही. गाळ्याच्या मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "ताई, परत गेलं बघा."

संशयाला जागा पुष्कळ होत्या. गाळ्यात पुठ्ठा असल्यामुळे उंदीर आहेत. नाक्यावर मेट्रोचं काम चाललं होतं, त्याचे हादरे बसायचे. मध्येच लाइट जायची. यातली एकही शंका उडवून लावण्यासारखी नव्हती. केबल नवी ओढली, दोन्ही टोकं पुन्हा क्रिंप केली, स्विचचा पोर्ट बदलला, यूपीएसची बॅटरी तपासली. फरक पडला नाही. मग बिघाडाच्या वेळांकडे नीट पाहिलं. दुपारी ऐन कामात, मोठमोठ्या डिझाइन फायली इकडून तिकडे जात असताना हे मशीन एकदाही अडलेलं नव्हतं. रविवारच्या सुट्टीनंतर मात्र हमखास अडायचं. केबल किंवा स्विच खराब असता तर कामाचा ताण वाढल्यावर त्रास वाढला असता. हे मशीन रिकामं बसल्यावर बिघडत होतं.

काकांना म्हटलं, "पुढच्या वेळी बटण दाबू नका. मी येईपर्यंत तसंच राहू द्या." हे मागणं लहान नव्हतं. सकाळी टेम्पो दारात उभा असतो, चलन निघाल्याशिवाय माल हलत नाही. पण बंद-चालू केलं की नेटवर्क कार्डाची त्या क्षणाची अवस्था पुसली जाते आणि हाती काहीच उरत नाही. माझ्या मते आपल्याकडे छोट्या ऑफिसांतले निम्मे बिघाड वर्षानुवर्षं चालू राहतात ते याच सवयीमुळे. काकांनी ऐकलं. त्या सकाळी त्यांनी चलनं हाताने लिहून टेम्पो सोडला.

मशीनला थेट मॉनिटर आणि कीबोर्ड जोडला. कर्नलच्या नोंदींमध्ये पहाटेची एक ओळ होती. पाठवायच्या माहितीची रांग तुंबल्याचं नेटवर्कच्या वॉचडॉगने कळवलं होतं. त्यानंतर मी इंटरप्टची, म्हणजे उपकरणांनी प्रोसेसरला मारलेल्या हाकांची, यादी उघडली. लिनक्समध्ये ही एक साधी फाइल असते. प्रत्येक उपकरणाची एक ओळ आणि मशीन सुरू झाल्यापासून प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला किती इंटरप्ट गेले त्याचे आकडे. थोडं थांबून पुन्हा उघडली. टायमरचा आकडा वाढला होता, डिस्कचाही वाढला होता. नेटवर्क कार्डाचा आकडा जिथल्या तिथे होता. शेजारच्या संगणकावरून पिंग चालू ठेवला. स्विचवर त्या पोर्टचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे फ्रेम कार्डापर्यंत पोचत होत्या. आकडा तरीही हलेना. कार्डाकडे माहिती येत होती आणि प्रोसेसरला त्याचा पत्ता नव्हता.

हे कसं घडू शकतं ते समजायला इंटरप्ट कसा जातो ते पाहावं लागतं. जुन्या पीसीआय स्लॉटमध्ये इंटरप्टसाठी वेगळी तार होती. कार्ड ती खाली ओढून धरायचं आणि ड्रायव्हर येऊन दखल घेईपर्यंत सोडायचं नाही. पीसीआय एक्सप्रेसमध्ये ती तारच नाही. कार्ड मेमरीतल्या एका ठरलेल्या पत्त्यावर छोटासा आकडा लिहितं आणि त्यालाच इंटरप्ट समजलं जातं. हा संदेश माहितीच्याच वाटेने जातो, आणि तो मिस्ड कॉलसारखा असतो, एकदा वाजला की वाजला. हुकला तर कार्डाला वाटतं आपण सांगितलंय, ड्रायव्हरला वाटतं काम आलेलंच नाही. त्यात लिनक्सचे नेटवर्क ड्रायव्हर पहिला इंटरप्ट आला की पुढचे दाबून ठेवतात, साठलेली पाकिटं स्वतःच उपसतात आणि रांग रिकामी झाल्यावर इंटरप्ट पुन्हा उघडतात. जोराच्या रहदारीत ही पद्धत फार कामाची आहे. पण या उघडझापीच्या नेमक्या वेळी गडबड झाली तर दोन्ही बाजू एकमेकांची वाट पाहत बसतात.

गडबड कोण करतंय याचे दोन संशयित होते आणि दोघंही वीज वाचवणारे. एक, ऊर्जाबचत इथरनेट. आयईईईचं ८०२.३एझेड हे मानक २०१० साली आलं. रहदारी नसली की कार्ड आणि स्विच यांच्यातली केबलची बाजू त्यात डुलकी घेते. दुसरा, एएसपीएम. यात कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यामधली पीसीआय एक्सप्रेसची लिंक झोपते. झोपेच्या पायऱ्या आहेत, एल-झिरो-एस हलकी आणि एल-वन गाढ. एल-वनमधून जागं व्हायला मायक्रोसेकंदांचा हिशेब असतो आणि लॅपटॉपच्या बॅटरीसाठी ही सोय मोलाची आहे. मात्र कार्डाची चिप, मदरबोर्ड आणि बायोस या तिघांचं जुळलं नाही तर जागं होतानाच घोटाळा होतो. दोन्ही एकदम बंद केले असते तर दोषी कोण ते कधीच कळलं नसतं. आधी ईथटूलने केबलची डुलकी बंद केली. पुढच्या सोमवारी मशीन पुन्हा मुकं. उरली लिंक. एलएसपीसीआयने सविस्तर माहिती काढली तर कार्डाच्या लिंकवर एल-वन चालू असल्याचं स्वच्छ दिसलं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण या बिघाडावर सर्रास दिला जाणारा सल्ला अर्धवट आहे. कर्नलला सुरू होताना पीसीआयई-एएसपीएम ऑफ असा पर्याय द्या, असं सांगतात. त्या पर्यायाचा अर्थ कर्नलने एएसपीएमला हात लावू नये एवढाच आहे. बायोसने ते आधीच चालू करून ठेवलं असेल तर ते चालूच राहतं. खरोखर बंद करायचं तर बायोसमध्ये जाऊन बंद करावं, किंवा कर्नलचं धोरण परफॉर्मन्सवर न्यावं, किंवा त्या एकाच कार्डाच्या लिंकपुरतं एल-वन काढावं. मी शेवटचा मार्ग धरला. डिस्क आणि बाकीची उपकरणं नीट झोपत होती, नीट उठत होती, त्यांना कशाला छेडायचं? नव्या कर्नलमध्ये सिसएफएसखाली प्रत्येक उपकरणाच्या लिंकसाठी वेगळी फाइल मिळते. तिच्यात शून्य लिहिलं, आणि मशीन सुरू होताना ते आपोआप लिहिलं जावं म्हणून यूडेव्हचा एक नियम घातला.

सोमवारी सर्व्हर जागा होता. त्यापुढच्याही सोमवारी. काका खूश झाले, पण माझं समाधान झालं नव्हतं. असले बिघाड कधी कधी काही न करताही दडून बसतात. काकांची परवानगी घेऊन एका शनिवारी एल-वन मुद्दाम पुन्हा चालू केलं. सोमवारी सकाळी कार्डाचा आकडा पुन्हा गोठलेला. नियम परत लावला, तेव्हापासून सुरळीत आहे.

विजेचं काय, असं काकांनी विचारलं, आणि ते विचारायलाच हवं होतं. प्लगमध्ये लावायच्या मीटरवर दोन्ही अवस्था मोजल्या. फरक एखाद-दुसऱ्या वॉटचा होता, आणि तो खर्च मला योग्य वाटतो. मशीन चोवीस तास हाकेला ओ देण्यासाठीच ठेवलेलं आहे. पोटमाळ्यावरचे मॉनिटर आणि प्रिंटर रात्री भिंतीवरच्या बटणाने बंद करायला लावले, त्यातून याहून जास्त वाचतं.

अलीकडे काही ड्रायव्हरांत एक चांगली सुधारणा आली आहे. पाकिटं उपसण्याचं काम चालू असेपर्यंत ते लिंकला झोपूच देत नाहीत, हात रिकामा झाल्यावर परवानगी देतात. या कार्डाच्या ड्रायव्हरचा त्यात समावेश आहे. डेबियनची पुढची आवृत्ती घालताना माझा नियम काढून पाहायचा आहे, आणि मधे एक रविवार जाऊ द्यायचा आहे. काकांनी त्यासाठी दिवाळीनंतरचा आठवडा दिलाय, कारण दिवाळीच्या आधी भिवंडीच्या ऑर्डरींची घाई असते.